लॅटिन गेली म्हणून भक्ती गेली?

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका आजोबांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर (मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना) आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि माझ्या भाच्यानं फोनवर एक व्हिडिओ लावला. फ्रान्समधलं कुठलं तरी जुनं चर्च, फादर लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे, धुपाचा लोट छतापर्यंत गेलेला, माणसं गुडघ्यावर आणि आवाज म्हणाल तर फक्त लॅटिन गायनाचा. "मामा, ही खरी मिस्सा, आपल्याकडे रविवारी जे चालतं ते गॅदरिंग वाटतं," भाचा म्हणाला. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग करतो, वय वीस-बावीस, आणि मनापासून बोलत होता. समोर एक काका होते, सत्तरी ओलांडलेले, ज्यांनी लहानपणी ती लॅटिन उत्तरं पाठ करून फादरांच्या मागे घंटी वाजवलेली आहे. ते भडकले. "आम्ही बघितलीय ती मिस्सा, अक्षर कळत नव्हतं आम्हाला, सुटलो त्यातून!" मग पुढचा अर्धा तास एक जण सौंदर्य म्हणत होता आणि दुसरा प्रगती म्हणत होता, आणि आमच्या स्वतःच्या वसईतल्या धर्मग्रामात दर रविवारी नेमकं काय होतं, काय वाचलं जातं, कोण वाचतं, कोण ऐकतं, यावर एक वाक्य कुणी बोललं नाही.

हा वाद जगभर असाच चाललाय आणि मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे आल्यापासून तो पुन्हा तापलाय. एक गट म्हणतो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२ ते १९६५ मधली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, जिनं लोकभाषेतल्या मिस्सेची वाट उघडली) उपासना मोडून टाकली, दुसरा म्हणतो परिषदेनं सगळं नीट केलं आणि आता त्यावर बोलायचंच नाही. मला दोघांचंही पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ती सुधारणा बरोबर होती, गरजेची होती, उशिरा झाली. पण तिनं जी मोठी गोष्ट केली ती भाषा बदलण्याची नव्हती. जुन्या विधीत मिस्सेचं सगळं वजन पुस्तक आणि फादर उचलायचे, लोक आले काय, झोपले काय, विधी पूर्ण व्हायचा. नव्या विधीनं त्यातलं अर्धं वजन बाकांवर बसलेल्या माणसांच्या खांद्यावर दिलं, आणि आपण ते अजून नीट उचललेलं नाही. आज जे उथळ वाटतं, भाच्याला जे गॅदरिंग वाटतं, ते या न उचललेल्या अर्ध्या भागामुळे वाटतं.

आधी एक गैरसमज काढूया. लोक असं बोलतात जणू १९६२ पर्यंत सगळं हजार वर्षं जसंच्या तसं चालत आलं होतं आणि मग एका रात्रीत कुणीतरी येऊन उलथवलं. वसईत ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जागर बघा. चर्चच्या आवारात अंधारात आग पेटवतात, मोठी मेणबत्ती आत जाते, मग एकमेकांच्या मेणबत्त्यांवरून ज्योत पुढे जात जात सगळं चर्च उजळतं. जुन्या वळणाच्या माणसांना विचारलं की तुमचा सगळ्यात आवडता विधी कुठला, तर बहुतेक जण हाच सांगतील. पण तुमच्या पणजीनं तो असा कधी बघितला नव्हता. शेकडो वर्षं हा रात्रीचा विधी शनिवारी सकाळी उरकला जायचा, भर उन्हात, आणि फादर लॅटिनमध्ये गायचे की हीच ती रात्र! रिकाम्या चर्चमध्ये, सकाळी. बारावे पायस पोप यांनी १९५१ मध्ये तो रात्री करायला परवानगी दिली आणि १९५५ मध्ये सगळा पवित्र आठवडाच नव्यानं बसवला. त्याआधी गुड फ्रायडेला ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, फक्त फादर घ्यायचे, लोकांना मिळतच नसे. दहाव्या पायस पोपनी १९०३ मध्येच लिहिलं होतं की लोकांनी उपासनेत सक्रिय सहभाग घ्यावा, आणि १९१० मध्ये सात वर्षांच्या आसपासच्या मुलांना पहिलं कम्युनियन, म्हणजे तेच ख्रिस्तशरीर, द्यायला सांगितलं. हे सगळे पोप परंपरावादी म्हणून ओळखले जातात. म्हणजे परिषद आभाळातून पडली नव्हती, साठ वर्षं जमीन नांगरून झाली होती. ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेवरचा दस्तऐवज मतदानाला आला तेव्हा २१४७ बिशपांनी होकार दिला आणि ४ जणांनी नकार. जगभरच्या बिशपांमध्ये एवढं एकमत उगाच होत नाही.

का झालं असेल ते? मला माझ्या आजीकडे बघून कळतं. आजी मिस्सेला रोज जायची, पहाटे, डोक्यावरून पदर घेऊन, आणि तिच्याकडून जे ऐकलंय ते असं की लॅटिन मिस्सेत ती पूर्ण वेळ जपमाळ म्हणायची. फादर तिकडे त्यांचं करत असायचे, आजी इकडे तिचं करत असायची, आणि घंटी वाजली की मणी बोटात तसाच धरून मान खाली घालायची, छातीवर हात मारायची, घंटी थांबली की पुढचा मणी. अपराध तिचा नव्हता. तेराव्या लिओ पोपनी तर १८८० च्या दशकात ऑक्टोबर महिन्यात मिस्सा चालू असताना जपमाळ म्हणायला स्वतः सांगितलं होतं. आजीची भक्ती माझ्यापेक्षा दहापट खरी होती, यात मला शंका नाही. पण एका छपराखाली दोन वेगळ्या उपासना चालल्या होत्या, एक वेदीवर आणि एक बाकावर, आणि त्यांना जोडणारी गोष्ट फक्त ती घंटी होती. जे म्हणतात की तेव्हा लोक जास्त भक्तिभावानं मिस्सा ऐकायचे त्यांना मला विचारायचंय, नेमकी कुठली मिस्सा ऐकायचे?

आपल्या भागात तर ही फट फार जुनी आहे. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी ख्रिस्तपुराण छापलं, मराठी ओव्यांमध्ये, हजारो ओव्या. मराठीचं एवढं प्रेमानं कौतुक तेव्हा फार थोड्यांनी केलंय. ते लोकांमध्ये वाचलं गेलं, गायलं गेलं, आवडलं. पण वेदीवर? वेदीवर लॅटिनच. म्हणजे मातृभाषेला ओटीवर बसवलं, पाणी विचारलं, कौतुक केलं, पण देवघरात येऊ दिलं नाही, आणि हे साडेतीनशे वर्षं चाललं. १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला, पोर्तुगीज गेले, पण गावांतली श्रद्धा गेली नाही आणि वेदीवरची लॅटिनही गेली नाही. ७ मार्च १९६५ ला सहाव्या पॉल पोपनी रोममधल्या एका साध्या धर्मग्रामात इटालियनमध्ये मिस्सा केली, त्याच्या तीनच महिने आधी ते मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याला येऊन गेले होते आणि इथं इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातली ती असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना म्हटली होती. मग १९६९ मध्ये नवं मिस्सेचं पुस्तक आलं. ओटीवरच्या माणसाला आत बोलावलं ते तेव्हा.

आता समोरच्याचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला म्हणजे शांतता. ती गेली, खरंच गेली. आपल्याकडे एक वाचन संपतं न संपतं तोच कॉयरचा कीबोर्ड सुरू होतो, कम्युनियननंतर दोन मिनिटं गप्प बसायचं तर कुणीतरी उठून फन-फेअरची आणि सहलीची अनाउन्समेंट करतं. दुसरा, परिषदेनं लॅटिन बंद करा असं कुठंही म्हटलं नव्हतं. उलट लॅटिन जपावी, ग्रेगोरियन या जुन्या लॅटिन गायनाला मानाचं स्थान द्यावं, लोकांना त्यांच्या वाटची लॅटिन उत्तरं म्हणता-गाता यावीत असं लिहिलंय, आणि फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतील अशी वेदी फिरवण्याबद्दल त्या दस्तऐवजात अवाक्षर नाही, ते नंतर आलं. तिसरा, सगळं फार घाईत झालं. १९६४ ते १९६९ या पाच वर्षांत पुस्तकं इतक्यांदा बदलली की लोकांना आणि फादरांनाही धड कळेना आज काय म्हणायचंय, आणि हे वरून आलं, समितीतल्या तज्ज्ञांकडून, कुणा गावातल्या बाईला कुणी विचारलं नाही. चौथा, पापांची कबुली देण्याच्या, म्हणजे कन्फेशनच्या, रांगा आटल्या आणि कम्युनियनच्या लांबल्या. पाचवा, युरोप-अमेरिकेतली चर्चेस त्याच वर्षांपासून रिकामी व्हायला लागली.

हे मान्य करायला मला लाज वाटत नाही कारण ज्यांनी सुधारणा केली त्यांनीही मान्य केलं होतं. २६ नोव्हेंबर १९६९ ला, नवी मिस्सा लागू व्हायला चार दिवस असताना, सहाव्या पॉल पोपनी जाहीर भाषणात सांगितलं की आपण एक अमोल गोष्ट सोडतोय, ते गायन, ती भाषा, आणि याचं दुःख व्हायलाच हवं. पण प्रार्थना ज्या रेशमी वस्त्रात गुंडाळलेली आहे त्यापेक्षा ती कळणं मोलाचं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. मला हे भाषण फार भिडतं. आज आपल्याकडे सुधारणेची बाजू घेणारे जे बोलतात त्यात हे दुःख कुठंच नसतं, ते लॅटिनला म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून उडवून लावतात, आणि तरुण मुलं मग साहजिकच दुसरीकडे बघायला लागतात.

पण मुद्दे मान्य केले म्हणजे निष्कर्ष मान्य केला असं होत नाही. चर्चेस रिकामी झाली ती नव्या मिस्सेमुळे, हे कशावरून? कॅथलिकांमधली घसरण इतर पंथांपेक्षा जास्त होती असं म्हणणारे अभ्यासक आहेत, मी ते नाकारत नाही. पण त्याच वर्षांत गर्भनिरोधनावरचं पोपचं १९६८ चं पत्र आलं आणि घराघरांत वाद झाले, हजारो फादरांनी आणि सिस्टरांनी व्रत सोडलं, रविवारचा अर्थच बदलला. आणि ज्यांनी असा काही विधी बदलला नव्हता त्या प्रॉटेस्टंट पंथांची बाकंही युरोपात ओस पडलीच की. उलट आफ्रिकेत काँगोमध्ये १९८८ मध्ये रोमनं ढोल, नाच आणि पूर्वजांचं आवाहन असलेली मिस्सा मंजूर केली आणि तिथलं चर्च वाढतंय. एकाच औषधानं एक रोगी मेला आणि दुसरा धष्टपुष्ट झाला तर नुसत्या औषधाला दोष देऊन कसं चालेल?

आणि लॅटिन पवित्र कशी झाली याचा विचार केलाय का? रोममधले पहिले ख्रिस्ती लॅटिनमध्ये उपासना करतच नव्हते, ग्रीकमध्ये करायचे. मग तिथल्या सामान्य माणसाला ग्रीक कळेनाशी झाली म्हणून तिसऱ्या-चौथ्या शतकात हळूहळू लॅटिन आली. लॅटिन ही लोकभाषा म्हणून आली! "किरिये एलेइसोन" (प्रभू, दया कर) हे ग्रीक शब्द आजही जुन्या लॅटिन मिस्सेत जसेच्या तसे म्हणतात. म्हणजे भाचा ज्या परंपरेसाठी भांडतोय ती परंपराच मुळात भाषा बदलण्यातून जन्मलीय. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या भावांनी स्लाव लोकांसाठी त्यांच्या भाषेत मिस्सा आणली, एका पोपनी मान्यता दिली, मेथोडियस गेल्यावर दुसऱ्या पोपनी बंद केली. चीनमध्ये १६१५ मध्ये चिनी भाषेत मिस्सेची परवानगी मिळालेली, वापरलीच गेली नाही. आणि ट्रेंटला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं १५६२ मध्ये लोकभाषेला नकार दिला खरा, पण त्याच कलमात फादरांना बजावलं की मिस्सेत जे वाचलं जातं त्यातलं काही ना काही लोकांना समजावून सांगत जा, विशेषतः रविवारी. म्हणजे लोकांना कळत नाहीये ही टोचणी तेव्हाही होतीच.

मला मात्र भाषेपेक्षा मोठी वाटते ती वाचनांची गोष्ट, आणि वादात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या मिस्सेत वाचनांचं चक्र एका वर्षाचं होतं, तीच वाचनं दरवर्षी, आणि रविवारी बायबलचा जुना करार जवळजवळ नसायचाच. १९६९ नंतर तीन वर्षांचं चक्र आलं, दर रविवारी तीन वाचनं आणि मध्ये स्तोत्र. आता यातून काय होतं ते सांगतो. माझी एक काकू आहे, दादरला भाजी नेते, पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून, गेली तीस-एक वर्षं. शिक्षण सातवी. गेल्या सप्टेंबरच्या एकवीस तारखेच्या रविवारी पहिलं वाचन तिच्याकडे होतं, जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याचं. तिनं त्याची झेरॉक्स घडी करून पाकिटात ठेवलेली आणि आठवडाभर गाडीत मेथीच्या गाठोड्यावर बसून ती पुटपुटत वाचायची, शेजारच्या बायका विचारायच्या काय पाठ करतेस गं. रविवारी ती माईकपाशी गेली, चष्मा सारखा केला, आणि वाचलं. व्यापारी म्हणतात सण कधी एकदा संपतो आणि आपण धान्य विकायला काढतो, माप लहान करू, वजन जड करू, तराजूत खोट घालू, जोड्याच्या किमतीत गरिबाला विकत घेऊ. "तराजू" शब्दापाशी ती थांबली. अडखळली नाही, थांबली. आणि चर्चमध्ये तीनशे-चारशे माणसं होती, त्यातली अर्धी काही ना काही विकणारी, फुलं, भाजी, मासळी, आता जमिनीसुद्धा, कुणी खोकलंसुद्धा नाही. मिस्सेनंतर बाहेर मला म्हणाली, "अरे, वाचताना माझाच काटा डोळ्यांपुढं आला."

त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, अन्यायी कारभाऱ्याच्या गोष्टीचं होतं. ते जुन्या मिस्सेतही होतं, पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या आठव्या रविवारी. पण आमोस नव्हता. कारभाऱ्याची गोष्ट एकटी ऐकली की ती फक्त गोष्ट राहते, आमोसच्या शेजारी ठेवली की ती बाजारात येऊन उभी राहते. हे शेजारी ठेवणं सुधारणेनं केलं. आणि ते वाचायला दादरला भाजी विकणारी बाई उभी राहू शकते हेही सुधारणेनंच केलं. वाचक म्हणून अधिकृत नेमणूक बायकांना द्यायला २०२१ साल उजाडलं ही वेगळी खंत आहे, पण वाचत तर त्या आधीपासून होत्या. जुन्या पद्धतीत काकूची जागा कुठं होती? आजीच्या शेजारी, जपमाळ हातात. तिथं ती पवित्र झाली असतीच, पण तिच्या तोंडून आमोस गावाला ऐकू आला नसता.

यावर एक जाणकार मित्र म्हणतो की हीच तर अडचण आहे, तुमची मिस्सा काकूवर अवलंबून आहे, काकू चांगली वाचते म्हणून चाललं, पुढच्या रविवारी जो मुलगा येईल त्याला वाचन पाच मिनिटं आधी हातात मिळेल आणि तो यिर्मया आणि यशया यांत गोंधळ करेल, जी उपासना माणसांच्या गुणांवर अवलंबून राहते ती कच्ची, जुनी मिस्सा कुणाच्या गुणावर अवलंबून नव्हती. हा मला सगळ्यात ताकदवान आक्षेप वाटतो आणि त्याचं उत्तर देणं भाग आहे. एक तर ते पूर्ण खरं नाही. जुन्या काळातही कॅथेड्रलमधली गायनाची मोठी मिस्सा वेगळी आणि गावात वीस मिनिटांत पुटपुटत आटपलेली वेगळी. भाच्याच्या फोनवर जी दिसली ती कॅमेऱ्यासाठी निवडलेली, शिकलेल्या गायकांची, आणि तिची तुलना तो करतो आपल्या साडेसहाच्या मिस्सेशी जिथं माईक खरखरतो. अशी तुलना कुठल्या दोन गोष्टींची केली तरी निकाल आधीच ठरलेला असतो. आणि दुसरं, काकूकडे गुण नव्हते, तयारी होती. आठवडाभर आधी मिळालेला एक कागद आणि तो वाचायची इच्छा. एवढंच लागतं. हे जर आपण देऊ शकत नसू तर दोष विधीचा की आपला?

हीच गोष्ट फादर कुठं तोंड करून उभे राहतात त्याची. वेदी फिरली तेव्हापासून फादरांचा चेहरा मध्ये आला, आणि काही फादर मग कार्यक्रमाचे निवेदक असल्यासारखे बोलायला लागले, विनोद, शुभेच्छा, वाढदिवसाच्या टाळ्या. याचा त्रास मलाही होतो. पण यासाठी दिशेवरून युद्ध करायचं? केरळात सिरो-मलबार या पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथलिक चर्चमध्ये तेच झालं. त्यांचा विधी वेगळा, परंपरा वेगळी, पण परिषदेनंतर त्यांच्यातही बऱ्याच ठिकाणी फादर लोकांकडे वळले, आणि २०२१ मध्ये त्यांच्या सिनडनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, ठरवलं की अर्धी मिस्सा लोकांकडे आणि अर्धी वेदीकडे तोंड करून सगळीकडे एकसारखी व्हावी. एर्नाकुलममध्ये फादर आणि लोक विरोधात उभे राहिले आणि २०२२ च्या ख्रिसमसच्या तोंडावर तिथल्या बॅसिलिकेत धक्काबुक्की झाली, बॅसिलिका बंद ठेवावी लागली. ख्रिस्ताच्या जन्माच्या रात्री कुलूप! फादरांनी कुठं बघावं यावरून. दोन्ही बाजू भक्तिभावासाठीच लढत होत्या आणि लढाईत तोच गेला.

आता आपल्या घरचा प्रश्न, जो मला रात्री झोपू देत नाही. मराठी मिस्सेनं वसईला पुष्कळ दिलं. आमच्या घरांत कुठं सामवेदी, कुठं वाडवळी, कुठं कोळी बोली, प्रमाण मराठी आमच्या कानांवर शाळेइतकीच वेदीवरून पडली, आणि याच मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा माणूस उभा राहिला जो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. पण आज आमची मुलं इंग्रजी शाळेत जातात. मराठी बोलतात, वाचताना अडखळतात, जोडाक्षर आलं की थांबतात. त्यांना इंग्रजी मिस्सा हवी असते, आणि शहरातून राहायला आलेल्या गोवेकर, मंगलोरी, मल्याळी कुटुंबांनाही तीच सोयीची पडते. मग रविवारी एकाच चर्चमध्ये आठ वाजता मराठी गाव येतं आणि दहा वाजता इंग्रजी गाव येतं आणि दोघं एकमेकांना पार्किंगमध्ये भेटतात. लॅटिनवाले म्हणतात, बघा, आमच्या वेळी सगळे एकत्र होते. आणि हे बोलणं झोंबतं कारण त्यात तथ्य आहे.

पण माझं मत असं की इथं मराठी मिस्सेची हळूहळू लॅटिन होतेय आणि ते होऊ देणारे आपण आहोत. आपण पुस्तकातले शब्द एकदा भाषांतर करून घेतले आणि काम संपलं समजलो. किती घरांत रविवारचं शुभवर्तमान आदल्या रात्री मराठीत मोठ्यानं वाचलं जातं? धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना त्यातल्या जड शब्दांचा अर्थ आपल्या बोलीत कधी सांगितला? आजी लॅटिन न कळता बसायची, नातू मराठी न कळता बसतो, फरक एवढाच की नातवाच्या हातात जपमाळ नाही, मोबाईल आहे. याला सहाव्या पॉलना जबाबदार धरता येणार नाही. १९६९ मध्येच रोमनं भारतासाठी बारा गोष्टींना मान्यता दिली होती, चपला काढणं, मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, समई, आरती. त्या सणासुदीच्या, दीक्षाविधीच्या दिवसापुरत्या राहिल्या कारण त्या तज्ज्ञांनी आणल्या, गावानं त्यांचं काही केलं नाही. कुणी त्याला हिंदूकरण म्हणालं, बाहेरच्या कुणी डावपेच म्हणालं, आणि मधल्या माणसानं खांदे उडवले.

जुनी मिस्सा दडपून हा प्रश्न सुटेल असंही मला वाटत नाही. बेनेडिक्ट पोपनी २००७ मध्ये ती मोकळी केली, फ्रान्सिस पोपनी २०२१ मध्ये आवळली, आणि दरवर्षी पेंटेकॉस्टला पॅरिसहून शार्त्रपर्यंत शंभर किलोमीटर चालत जाणाऱ्या, लॅटिन मिस्सा करणाऱ्या तरुणांची संख्या काही कमी झाली नाही. वारी माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. जी मुलं तीन दिवस चिखलातून चालतात त्यांना भाषेचा हट्ट नाही, त्यांना जड काहीतरी हवंय, ज्याच्यासमोर आपण लहान होऊ असं काहीतरी. बंदीनं ती भूक जात नाही. फ्रान्सिस पोपनीच २०२२ मध्ये उपासनेवर जे पत्र लिहिलं त्यात विस्मय हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, मला वाटतं बंदीच्या आधी ते पत्र यायला हवं होतं.

त्या जेवणानंतर मी भाच्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की तुझ्या व्हिडिओतलं काय आपल्याकडे आणता येईल. त्याला वाटलं मी टाळतोय. पण आम्ही अंगणात उभे राहून खरंच यादी केली. प्रत्येक वाचनानंतर मनात पाचदा श्वास मोजेपर्यंत शांतता, ती तर नव्या पुस्तकातही सांगितलेलीच आहे, कुणाची परवानगी लागत नाही. अनाउन्समेंट सगळ्या आशीर्वादाच्या अगदी आधी आणि तीनच. मराठी गाव आणि इंग्रजी गाव महिन्यातून एका रविवारी एकत्र, आणि त्या दिवशी किरिये आणि लॅटिनमधलं पातेर नोस्तेर, म्हणजे 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना, सगळ्यांनी मिळून गायचं, जे दोघांचंही नाही म्हणून दोघांचं आहे, आणि काका ते शिकवतील कारण त्यांना अजून पाठ आहे. काकांना हे सांगितलं तेव्हा ते आधी नाही म्हणाले आणि मग हात पुसता पुसता पातेर नोस्तेरची पहिली ओळ गुणगुणले, चाल बरोबर होती.

वाचन आठवडाभर आधी द्यायचं काम काकूनं घेतलंय. झेरॉक्स ती दादरहून आणते, तिथं स्वस्त पडते म्हणे. पुढच्या रविवारचा कागद तिनं भाच्याच्या हातात दिला, मराठीच, आणि म्हणाली जोडाक्षरांखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेव, आणि उद्या संध्याकाळी मला वाचून दाखव.